पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि काशीविश्वेश्वराचे देऊळ

आपल्याकडे श्रावण वद्य चतुर्दशीला, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला, अहिल्याबाईंची पुण्यतिथी असते. इंदुरात त्या निमित्ताने अहिल्योत्सव होतो, पालखी निघते, शाळांतून भाषणे होतात. लहानपणी मीही एकदा पाठ केलेले भाषण म्हणून दाखवले होते. त्यात बाईंनी बांधलेल्या देवळांची आणि घाटांची लांबलचक यादी होती. ती यादी मी धडाधडा म्हटली, टाळ्या मिळाल्या आणि विषय संपला.

पुढे बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. नोकरीची काही वर्षे खरगोन जिल्ह्यात गेली. रविवारी एसटीने महेश्वरला जायचे, घाटावर बसायचे, संध्याकाळी परत, असा क्रम असे. निवृत्तीनंतर सौ.ला घेऊन काशीयात्रा केली. विश्वनाथाच्या गर्दीत दर्शन झाले ते जेमतेम पाच सेकंदांचे, पण बाहेर आल्यावर आवारात अहिल्याबाईंचा पुतळा दिसला. २०२१ साली विश्वनाथ धाम नव्याने झाले तेव्हा तो बसवला. आमच्या शेजारी उभे असलेले एक तमिळ कुटुंब तो पुतळा कोणाचा म्हणून विचारू लागले. मी सांगू लागलो आणि माझ्या लक्षात आले की यादीपलीकडे आपल्याला फारसे सांगता येत नाही. घरी आल्यावर जमेल तसे वाचन केले. त्यातून जे समजले ते आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी मुलीला लिहा-वाचायला शिकवले. पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया इथे घातला गेला असे मला वाटते.

मल्हारराव होळकर मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे. लहानपणी वडील गेल्यामुळे ते खानदेशात मामाच्या घरी वाढले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर माळव्याचे सुभेदार झाले. प्रवासात चौंडीला मुक्काम असताना त्यांनी देवळात आठ वर्षांच्या अहिल्येला पाहिले आणि सून करून घेण्याचे ठरवले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली.

खंडेरावांचे लक्ष कारभारात कमी होते. मल्हारराव बाराही महिने मोहिमांवर असत. त्यामुळे घरचा वसूल, फौजेची रसद, पत्रव्यवहार हे हळूहळू सुनेच्या हाती येत गेले. सासू गौतमाबाई करारी होत्या आणि त्यांच्या हाताखाली सुनेची चांगली तयारी झाली. १७६५ मधली मल्हाररावांनी सुनेला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जा, वाटेत मुक्काम वाढवू नको, दारूगोळ्याची बेगमी कर, अशा स्वरूपाच्या सूचना त्यांत आहेत. सासऱ्याने सुनेला तोफखान्याचे काम सांगावे, इतका विश्वास त्या दोघांमध्ये होता.

एकामागून एक मृत्यू

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, या वृद्धाला पोरके करू नकोस, अशा आशयाची विनवणी त्यांनी केल्याचे सांगतात. बाई थांबल्या. त्या दिवशी त्या थांबल्या नसत्या तर काशीचे देऊळही झाले नसते.

१७६१ मध्ये पानिपत झाले. त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूरला वारले. गादीवर नातू मालेराव आले आणि वर्षभरातच, १७६७ च्या वसंतात, तेही गेले. पती, सासू, सासरे, मुलगा अशी तेरा वर्षांत चार माणसे गेली.

दौलतीला वारस उरला नाही हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधले. दादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली, स्वतःची फौज उभी केली आणि दादांना कळवले की बाईमाणसाशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादांनी आपण केवळ सांत्वनासाठी आलो असे सांगून वेळ निभावली. पुण्याहून थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंच्या कारभाराला मान्यता दिली. फौजेचे नेतृत्व त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवले आणि मुलकी कारभार व तिजोरी स्वतःकडे ठेवली. राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली. पुढची अठ्ठावीस वर्षे माळव्याचा कारभार तिथून चालला.

दौलत वेगळी, खासगी वेगळी

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. वाचकांनी बँकवाल्याची सवय म्हणून सांभाळून घ्यावे.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचा, म्हणजे सरकारी. त्यातून फौज, किल्ले, पेशव्यांचा हिस्सा आणि राज्याचा खर्च चाले. दुसरा खासगीचा. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली होती. माळवा-निमाडात आणि दक्षिणेतही तिचे महाल आणि गावे होती. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. हे होळकरांच्या घरातल्या स्त्रियांचे स्वतःचे उत्पन्न होते. देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च बाईंनी या खासगीतून केला.

आजच्या भाषेत सांगायचे तर दोन स्वतंत्र खाती होती आणि एकातला पैसा दुसऱ्यात वळवायचा नाही हा नियम होता. मोहिमेवरून तुकोजींच्या पैशाच्या मागण्या सतत येत. बाई हिशेब मागत आणि तुकोजींना ते आवडत नसे. त्या दोघांत वर्षानुवर्षे कुरबूर चालली. बाजू तुकोजींचीही होती, कारण फौजेचा पगार थकला की शिपाई सेनापतीच्या दाराशी बसतात. तरीही बाईंनी तिजोरीच्या किल्ल्या सोडल्या नाहीत.

राघोबादादांनी पैसे मागितले तेव्हाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बाईंनी म्हणे खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यासाठी संकल्प करून सोडला होता. दादा ब्राह्मण आहेत, त्यांनी दान म्हणून हातावर पाणी घेऊन हवे तर न्यावे, असे उत्तर गेले. दादांनी अर्थातच दान घेतले नाही. ही गोष्ट तपशिलात जशी सांगतात तशी घडली असो वा नसो, धर्मादायाचा पैसा एकदा बाजूला काढला की धन्यालाही त्याला हात लावता येत नाही, हे तत्त्व तिच्यात आहे.

काशीचे देऊळ

काशीविश्वेश्वराचे जुने देऊळ १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे विश्वेश्वराला त्याच्या तोलाचे देऊळ नव्हते. काशी-प्रयाग आपल्या हाती यावे ही मराठ्यांची मोठी इच्छा होती, पण ती शेवटपर्यंत सफल झाली नाही. १७४२ साली मल्हाररावांची छावणी अंतर्वेदीत होती. त्या वेळी त्यांनी मशीद पाडून जागेवर देऊळ बांधण्याचा विचार केला. पण काशीतले ब्राह्मणच घाबरले. मल्हारराव काम करून निघून जातील आणि मागे राहणाऱ्यांना सुभ्याच्या फौजेला तोंड द्यावे लागेल, अशी त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. बेत राहून गेला.

सासऱ्याचे राहिलेले काम सुनेने वेगळ्या मार्गाने केले. काशी होळकरांच्या राज्यात नव्हती. १७७५ पर्यंत ती अवधच्या नवाबाच्या सत्तेखाली होती आणि त्या साली ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. गादीवर राजा चेतसिंग होता. परक्या मुलखात फौज न पाठवता काम करायचे तर जमीन मिळवणे, परवानगी, कारागीर, दगड आणि पैसा हे सगळे कारकून, वकील आणि सावकार यांच्यामार्फत जमवावे लागणार होते. बाईंनी जुन्या जागेचा वाद न उकरता तिच्या शेजारीच जागा घेऊन देऊळ बांधले. १७८० साली ते उभे राहिले. आज आपण ज्या देवळात दर्शन घेतो ते हेच.

देऊळ आकाराने लहान आहे. दक्षिणेतली प्रचंड मंदिरे पाहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा थोडे आश्चर्य वाटते. गल्लीबोळांच्या दाटीत जागाच तेवढी होती. गाभारा, मंडप, वर शिखर आणि घुमट, आणि गाभाऱ्यात चांदीच्या चौकटीत बसवलेले शिवलिंग. शिखरावरचा सोन्याचा पत्रा मागाहूनचा, तो महाराजा रणजितसिंग यांनी १८३० च्या दशकात दिलेल्या सोन्याचा. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ साली ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधला. इंदूरच्या बाई, ग्वाल्हेरच्या बाई आणि लाहोरचे महाराज, अशा तिघांचे दान एकाच आवारात आले. त्यांतल्या दोघी मराठी आणि दोघीही विधवा, ही गोष्ट मला आपल्या भगिनी मंडळाला मुद्दाम सांगावीशी वाटते.

काशीत बाईंनी घाटही बांधले. मणिकर्णिकेचे काम त्यांनी केले, दशाश्वमेध घाट दुरुस्त केला आणि अहिल्या घाट तर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बाकीची यादी आणि तिच्यातली संगती

सौराष्ट्रात सोमनाथाच्या भग्न देवळाजवळ त्यांनी १७८३ साली वेगळे देऊळ बांधले. तिथे मुख्य लिंग तळघरात आहे. आज सोमनाथला भव्य नवे मंदिर आहे, पण दीडशेहून अधिक वर्षे यात्रेकरू सोमनाथाची पूजा या छोट्या देवळात करत होते. गयेचे विष्णुपद मंदिर, वेरूळचे घृष्णेश्वर, हरिद्वार, केदारनाथ, अयोध्या, द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर, पंढरपूर, जेजुरी इथे कुठे देऊळ, कुठे घाट, कुठे विहीर, कुठे धर्मशाळा. शाळेत मी पाठ केली होती ती हीच यादी.

नकाशा समोर ठेवून ती यादी पाहिली तेव्हा मला तिच्यातली संगती दिसली. यात्रेकरू पायी जात असे. त्याला दर मुक्कामाला पाणी, सावली, रात्रीचा निवारा आणि सुरक्षित रस्ता लागे. नुसते टोकाला देऊळ बांधून भागत नव्हते. म्हणून वाटेवर विहिरी आणि बारवा, मुक्कामाला धर्मशाळा, नदीवर घाट आणि क्षेत्री देऊळ अशी ती साखळी आहे. गंगेचे पाणी कावडींनी दूरदूरच्या देवळांत पोचवण्याचीही त्यांनी व्यवस्था लावली होती. तिची बहुतेक कामे होळकरांच्या सरहद्दीबाहेर आहेत. तिथून एक पैसा वसूल येणार नव्हता की एक शिपाई मिळणार नव्हता.

बांधून झाल्यावर काय, याचाही विचार होता. पूजाअर्चा, दिवाबत्ती, पुजाऱ्याचे वेतन, अन्नछत्र यांसाठी उत्पन्न लावून दिलेले असे. नोकरीत असताना एका खेड्यातल्या देवळाचे खाते माझ्या टेबलावर आले होते. देऊळ वर्गणीतून मोठे थाटात बांधलेले, उद्घाटनाचा फोटो खात्याच्या कागदांना जोडलेला, आणि खात्यात पाच वर्षे एकही व्यवहार नाही. चौकशी केली तर तेलाला पैसे नाहीत म्हणून संध्याकाळी दिवा लागत नव्हता. बांधायला सगळे पुढे येतात, रोजच्या तेलाला कोणी नसते. अहिल्याबाईंनी रोजच्या तेलाची तजवीज केली होती.

महेश्वरच्या वाड्यात आजही रोज लिंगार्चन होते. ब्राह्मण काळ्या मातीची हजारो लहान शिवलिंगे पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि ती नर्मदेत सोडतात. खरगोनला असताना मी हे अनेकदा पाहिले आहे. बाईंच्या काळी सुरू झालेली प्रथा सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

कारभारातली माणुसकी

माळव्याचा इतिहास लिहिणारे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम हे बाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी इकडे आले. बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. माल्कम यांनी आधी अशी शंका घेतली की लोक भक्तीपोटी वाढवून सांगत असतील. जितकी चौकशी केली तितका आदर वाढत गेला, असे त्यांच्या १८२३ च्या ग्रंथावरून दिसते. बाईंची दिनचर्या त्यांनी नोंदवली आहे. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार, मग पुन्हा पूजा आणि रात्री उशिरापर्यंत कागदपत्रे. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत.

एक प्रकरण मला विशेष वाटते. निपुत्रिक सावकार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा किंवा जबर नजराणा घेण्याचा प्रघात त्या काळी होता. अशा एका सावकाराच्या विधवेकडे अधिकाऱ्याने मोठी रक्कम मागितली. ती दत्तक मुलाला घेऊन महेश्वरला आली. बाईंनी दत्तक मान्य केला, मालमत्ता तिच्याकडेच ठेवली आणि अधिकाऱ्याला काढून टाकले. जिने स्वतःच्या वारसाहक्कासाठी राघोबादादांशी सामना केला तिला त्या बाईचे दुःख कळले यात नवल नाही. सावकार निर्धास्त झाले म्हणून व्यापार वाढला आणि इंदूर भरभराटीस आले. विणकरांना आश्रय देऊन त्यांनी महेश्वरी लुगड्यांचा धंदा उभा केला, त्यावर आजही तिथली घरे चालतात. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा जो परंपरागत हक्क होता तो त्यांनी मान्य केला आणि बदल्यात वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

शेवटची वर्षे

धर्मकार्य केले म्हणून बाईंच्या वाट्याला सुख आले असे मात्र झाले नाही. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा तरुणपणी वारला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या. बाईंनी मुलीची परोपरीने मनधरणी केली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने आपल्याला जसे थांबवले तसे मुलीला थांबवणे त्यांना जमले नाही. मुलगी म्हणाली, की तू आता थकलीस, तुझ्यानंतर मला कोण आहे? नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा बाई तिथे उभ्या होत्या आणि त्यांना दोन ब्राह्मणांनी धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. मग मुलगी-जावयाची छत्री बांधण्याची आज्ञा दिली आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या राज्यकर्तीलाही सतीची रूढी मोडता आली नाही, हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवले पाहिजे.

१७९३ साली लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकांशी लढल्या. तेही बाईंना पाहावे लागले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरला त्यांचे निधन झाले.

आज काय उरले आहे

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात सरकारने दर वर्षी तीन लाखांपेक्षा थोडी कमी अशी कायमची ठराविक रक्कम देण्याचे मान्य केले आणि १९६२ साली खासगी ट्रस्ट स्थापन झाला. या मिळकतींच्या व्यवस्थेचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात मी पडत नाही. एवढेच म्हणतो की बाईंनी खर्चाला जमिनीचे उत्पन्न लावले होते. धान्याचा भाव वाढला की उत्पन्नही वाढे. त्याजागी रुपयांत बांधलेली रक्कम आली. १९४८ साली ती मोठी होती, आज तेवढ्यात इंदुरात एक खोलीसुद्धा विकत मिळत नाही. इतक्या दूरदूरच्या देवळा-घाटांची देखभाल त्यात कशी व्हावी, हे कोणत्याही हिशेबनीसाने सांगावे.

आपण विमानतळाला, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. २०२५ साली जन्माची त्रिशताब्दी साजरी केली. हे योग्यच झाले. पण आपल्यापैकी जे यात्रेला जातात त्यांना एक विनंती आहे. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ कुठेही गेलात तर होळकरांचा घाट, विहीर किंवा धर्मशाळा कुठे आहे ते विचारा, तिथे पाच मिनिटे जा आणि ती कोणत्या स्थितीत आहे ते पाहून मंडळाला कळवा. फोटो पाठवलात तर उत्तमच. एक वही घालून या नोंदी ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन. इतकी वर्षे लोकांच्या ठेवींची नोंद ठेवली, आता बाईंच्या ठेवीची ठेवू.

त्या पुण्यश्लोक मातेला विनम्र अभिवादन.